कंपाउंड बो घ्यायचाय? आधी हात मोजा, मग पैसे मोजा

2023 ला बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघंही कंपाउंडमधे जगज्जेते झाले, त्याच वर्षी शांघायच्या वर्ल्ड कपात आपल्या जालन्याला चिटकून असलेल्या बुलडाण्याच्या प्रथमेश जावकरनं सोनं मारलं, आणि आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधे कंपाउंडची मिश्र टीम इव्हेंट पण येणारय. त्यामुळं आपल्याकडच्या पोरांना या धनुष्याचं, म्हणजे टोकांना कॅम नावाची चाकं असलेल्या कंपाउंड बोचं, वेड लागलं तर नवल नाही. पण मला विचारायला येणारी निम्मी पोरं ही मॅच बघून आलेली नसतात, ती अमेरिकन लोकांचे हरणाच्या शिकारीचे व्हिडिओ बघून आलेली असतात आणि पहिलाच प्रश्न असतो, दादा सत्तर पाउंडचा (म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारा) कुठं मिळंल?

म्हणून पहिली पायरी कायद्याची, ती उरकून टाकू. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार आपल्या देशात शिकारीला बंदी आहे, आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, मारायचा प्रयत्न करणं, पाठलाग करणं, फास लावणं हे सगळं त्यात आलं. बाण हुकला म्हणून सुटलो असं होत नाही. काळवीट शेड्यूल एकमधे (सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत) आहे, तिथं 3 ते 7 वर्षं कैद आहे. आता लगेच कुणीतरी म्हणणार की अहो पण रानडुकरं रात्रीतून अख्खा हरभरा उकरून टाकतात, रोही (नीलगायी) ज्वारीत लोळतात, त्याचं काय. दुखणं खरंय, पण त्यावरचा उपाय बो नाही. पिकाच्या नुकसानीची भरपाई वन विभागाकडून मिळते, त्यासाठी नुकसान झालं की लगेच फोटो काढायचे, अर्ज टाकायचा, पंचनामा करून घ्यायचा, वन विभागाची 1926 ही हेल्पलाईन पण आहे. जनावर मारायची परवानगी द्यायची तर ती कायद्यानं ठरवलेला अधिकारीच लेखी देतो, गावातल्या चार जणांनी पारावर ठरवून ती होत नसती.

दुसरं, बो घेऊन गावातून उघडा फिरू नका. सणावाराला, निवडणुकीला, मोर्चाच्या काळात आपल्या जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37 लागू झाल्याची बातमी पेपरात येतच असती, त्या काळात शस्त्र घेऊन फिरायला बंदी असती आणि तुमचं धनुष्य खेळाचं आहे हे नाक्यावरच्या हवालदाराला सांगत बसायची वेळ येऊ नये. बो केसमधे, बाण वेगळ्या डब्यात, सोबत क्लबचं किंवा खरेदीचं कागद.

तर मग आपण नेम मारायला घेणार, टार्गेटवर किंवा फोमच्या प्राण्यांवर, आणि ज्यांची नोकरी अमेरिकेत आहे आणि तिथं कायदेशीर शिकारीला जायचंय त्यांच्यासाठी पुढं वेगळं लिहिलंय. निवडायची पद्धत मात्र दोघांची सारखीच.

डोळा बघा. दोन्ही हात समोर ताणून तळव्यांच्या मधे छोटी खिडकी करा, त्यातून लांबचा विजेचा खांब बघा, मग एकेक डोळा झाका. ज्या डोळ्याला खांब खिडकीतच दिसतो तो तुमचा मुख्य डोळा. उजवा असेल तर उजव्या हाताचा बो, म्हणजे धनुष्य डाव्या हातात आणि दोरी उजव्यानं ओढायची. डावा निघाला आणि तुम्ही उजखोरे असाल तर शक्यतो डाव्या हाताचाच बो घ्या, सुरवातीला आठ-पंधरा दिवस अवघड जाईल पण नंतर जन्मभर एक डोळा झाकून डोकं वाकडं करायची गरज पडत नाही. अडचण एवढीच की डाव्या हाताचा माल आपल्याकडं कमी मिळतो, थांबावं लागतं.

आता हात मोजा. कंपाउंडमधे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी मागं किती येणार ते. साध्या किंवा रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेल्या, बिनचाकाच्या) धनुष्यात तुम्ही ओढाल तितकं मागं येतं, कंपाउंडमधे कॅम एका जागी जाऊन अडतो, त्याला वॉल म्हणतात, त्याच्या मागं दोरी येतच नाही. म्हणून बो तुमच्या मापाचा पाहिजे, तुम्ही बोच्या मापाचे होऊ शकत नाही. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा (ताणायचे नाहीत, सहज), शिंप्याच्या टेपनं एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत इंचात मोजा आणि 2.5 नं भागा. 67 इंच आलं तर 26.8, म्हणजे 27 इंचाच्या जवळपास. आपल्याकडची साडेपाच फुटाच्या आसपासची बहुतेक मंडळी 26 ते 27 मधे बसतात. हे माप अंदाजी असतं, शेवटचा अर्धा इंच धनुष्य हातात घेऊनच ठरतो.

बाहेरून येणारे बरेच बो 29-30 इंचावर सेट करून येतात. ओळखीतल्या एका पोरानं ऑनलाईन तसलाच एक मागवला, सत्तर पाउंडचा, बॉक्समधे ड्रॉ लेंथ कमी करायचं मोड्यूल होतं पण ते काय असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दोरी गालाच्या मागं कानापर्यंत जायची, हा मागं कलून उभा राहायचा आणि बाण सुटला की दोरी डाव्या हातावर चाटून जायची. आठवड्याभरात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा पट्टा. बो विकून टाकतो म्हणत होता. मोड्यूल बदलून 27 वर आणलं, पाउंडेज खाली घेतलं, तर तोच बो आता निवांत मारतो. ड्रॉ लेंथ बरोबर असेल तर पूर्ण ओढल्यावर दोरी नाकाच्या शेंड्याला टेकते, ओठाच्या कोपऱ्याजवळून जाते, मान सरळ राहते आणि धनुष्याचा हात जवळजवळ सरळ पण कोपर कुलूप लागल्यासारखं ताठ नाही. शंका असेल तर अर्धा इंच कमीच ठेवा, जास्त नको.

मग पाउंड. इथं सगळ्यांचा अहंकार आडवा येतो. पन्नास किलोचं खताचं पोतं खांद्यावर टाकणारी पोरं चाळीस पाउंडला, म्हणजे जेमतेम 18 किलोला, थरथर कापताना बघितलीत, कारण हे काम पाठीतल्या, खांद्याच्या पात्यामागच्या स्नायूंचं आहे आणि ते आपण एरवी असे वापरतच नाही. परीक्षा सोपी आहे. खुर्चीवर बसा, धनुष्य सरळ टार्गेटकडं धरा आणि बो वर-खाली न हलवता सावकाश ओढा. आभाळाकडं करून झटका देऊन ओढावं लागत असेल तर वजन जास्त आहे, विषय संपला. तसं ओढताना चुकून रिलीज (दोरी धरून सोडायचं यंत्र) सुटला तर बाण कुणाच्या शिवारात जाऊन पडेल सांगता येत नाही, म्हणून हा नुसता तब्येतीचा प्रश्न नाही. मोठ्या माणसानं 35-40 ला सुरवात करावी, बायका आणि पंधरा-सोळाची पोरं 20 ते 30. ओढलेलं अर्धा मिनिट धरून ठेवता आलं आणि त्यानंतरही पीन (साईटमधला नेमाचा ठिपका) नाचली नाही की मग दोन-तीन पाउंड वाढवा. लिम्बच्या (धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागाच्या) बोल्टला एक आटा फिरवला की साधारण दोन-तीन पाउंडचा फरक पडतो, वरचा-खालचा सारखाच फिरवायचा, आणि किती आटे सोडायचे याची मर्यादा मॅन्युअलमधे दिलेली असती, ती ओलांडली तर लिम्ब निघून तोंडावर येऊ शकतं.

सत्तरच्या मागं लागलेल्यांना एवढंच सांगतो की वर्ल्ड आर्चरीच्या कंपाउंड स्पर्धेत मर्यादाच 60 पाउंडची आहे, तेवढ्यात 50 मीटरवर 80 सेंटिमीटरच्या टार्गेटवर 72 बाण मारून 720 पैकी सातशेच्या वर गुण काढणारे लोक आहेत. आणि अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणाच्या शिकारीला कमीत कमी मर्यादा 40 च्या जवळपास असते.

कंपाउंडचा खरा फायदा लेट-ऑफमधे आहे. कॅम फिरला की शेवटी वजन गळून पडतं. 50 पाउंडचा बो आणि 80 टक्के लेट-ऑफ, म्हणजे नेम धरताना हातावर फक्त 10 पाउंड. टार्गेटवाले थोडं कमी लेट-ऑफ घेतात, शिकारवाले जास्त, कारण जनावर झाडाआडून बाहेर येईपर्यंत त्यांना ओढून धरून थांबावं लागतं. नवख्याला 75-80 ठीक.

बाकीचे आकडे पटकन बघू. दोन कॅमच्या आसांमधलं अंतर 30-33 इंच असेल तर तो शिकारीच्या घाटाचा बो, झाडीत-मचाणावर सोयीचा पण हातात चळतो. 36 ते 40 चा टार्गेटचा, लांब आणि स्थिर. फक्त ग्राउंडवर मारायचं असेल तर लांबच घ्या. ब्रेस हाइट (न ओढलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर) 7 इंच असलेला बो चुका पोटात घालतो, सहाचा घालत नाही. आणि जाहिरातीत तीनशे चाळीस फूट पर सेकंद लिहिलेलं असतं ते 70 पाउंड, 30 इंच आणि 350 ग्रेन वजनाच्या हलक्या बाणावर मोजलेलं असतं. तुमच्या 27 इंचावर आणि 40 पाउंडवर तो आकडा विसरून जायचा.

पहिला बो जास्तीत जास्त ॲडजस्ट होणारा घ्या, ज्याची ड्रॉ लेंथ आणि पाउंडेज प्रेसशिवाय (बो दाबून दोरी सैल करायच्या यंत्राशिवाय), साध्या ॲलन-कीनं बदलता येतं. कारण बो प्रेस आपल्याकडं गल्लोगल्ली नाही, दोरी सुटली किंवा कॅमवरून उतरली तर बो पुण्या-मुंबईला पाठवायची पाळी येते. म्हणून विकणाऱ्याला भाव विचारायच्या आधी हे विचारा की प्रेस आहे का, दोरी बदलून देणार का, किती दिवसांत. गोल-गोल उत्तर आलं तर तिथून घेऊ नका, दोन हजार स्वस्त असला तरी. आणि सगळे पैसे बोवर घालवू नका. रेस्ट (बाण टेकवायला), साईट (नेम धरायला), पीप (दोरीतलं बघायचं भोक), डी-लूप (रिलीज अडकवायचा दोरीवरचा फास), रिलीज, बाण, टार्गेट हे सगळं लागतंच, बजेटचा तिसरा हिस्सा त्याला ठेवा. रिलीज मनगटाला बांधायचा ट्रिगरवाला घ्या सुरवातीला. ओढताना बोट ट्रिगरच्या मागं ठेवायचं, ट्रिगरवर नाही. पूर्ण ओढून नेम लागल्यावरच बोट पुढं. नाहीतर अर्ध्यात रिलीज सुटून स्वतःचीच मूठ हनुवटीवर बसते.

बाणात कंजूषी नको. कार्बनचे घ्या, निदान सहा, सगळे एकाच मापाचे. बाणाच्या ताठपणाचा नंबर असतो, स्पाइन, नंबर जितका लहान तितका बाण ताठ. 40 पाउंड आणि 27 इंचाला साधारण 500 च्या आसपास येतो पण कंपनीचा चार्ट बघूनच ठरवा. वजन दर पाउंडाला कमीत कमी 5 ग्रेन, म्हणजे 40 ला 200 च्या खाली कधीच नाही, आणि खरंतर तीनशेच्या वरच ठेवा, बो पण शांत राहतो. फार हलका बाण मारणं आणि बाण न लावता दोरी सोडणं यात बोच्या दृष्टीनं फारसा फरक नाही. रिकामी दोरी कधीही, कुणालाही, गंमत म्हणून सुद्धा सोडू द्यायची नाही. पाहुणे घरी आले की हे हमखास होतं, "बघू बघू" म्हणत ओढतात आणि सोडतात. लिम्ब चिरतं, दोरी उतरते, कॅम वाकतो.

दर वेळी मारायला सुरवात करायच्या आधी प्रत्येक बाण दोन्ही हातांनी हलका वाकवून, फिरवून कानाशी धरा. बारीक कर्रकर्र आवाज आला, किंवा बोट फिरवताना कुठं धागा टोचला, तर तो बाण तिथंच मोडून टाका. चिरलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याच्या काड्या सरळ धनुष्याच्या हातात घुसतात.

जागा कुठली? जिल्हा क्रीडा संकुलात किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी विचारा, जवळ क्लब असेल तर सरळ तिथं जा, पहिले दोन महिने शिकवणाऱ्याच्या नजरेखाली गेले तर पुढचं वर्ष वाचतं. ते शक्य नसेल आणि शेत असेल तर टार्गेटच्या मागं बाण थांबवणारं काहीतरी पाहिजेच. आपल्याकडं विहिरीच्या उपशाचा ढिगारा जवळपास प्रत्येक शेतात असतो, तो चांगला, पण त्यात मुरूम-दगड असतात, हुकलेला बाण फुटून उलटा येतो, म्हणून त्यावर दोन फूट काळी माती टाका किंवा पुढं जुनी सतरंजी सैल टांगा. तोंड उत्तरेला ठेवा म्हणजे सकाळ-संध्याकाळ ऊन डोळ्यावर येत नाही. तूर, कापूस, ऊस उभा असताना त्या दिशेला मारायचंच नाही, उभ्या तुरीत खुरपणारी बाई चाळीस फुटावरून पण दिसत नाही. रान मोकळं झाल्यावरच, आणि तरीपण ढिगाऱ्याच्या मागून एक चक्कर मारून यायची. टार्गेट म्हणून बारदान्याच्या पोत्यात जुन्या साड्या, चिंध्या, प्लास्टिक ठासून भरा, चांगलं टच्च, महिनोन्महिने चालतं. त्यावर फक्त साधी टोकं मारायची, शिकारीचं धारदार पात्याचं टोक त्यात अडकून बसतं.

आता प्रॅक्टिस. पहिले पंधरा दिवस अंतर पाच मीटर, टार्गेटवर वर्तुळ काढायचंच नाही. तिथं नेम शिकायचा नसतो, शरीर शिकवायचं असतं. पाय खांद्याएवढे, मूठ आवळायची नाही, बो अंगठ्याच्या मुळाच्या गादीवर टेकतो आणि बोटं सैल, पडू नये म्हणून मनगटाला दोरी. ओढा, नाक दोरीला, हात जबड्याच्या हाडाला एकाच जागी, पीपमधून साईटचं वर्तुळ जुळवा, साईटवरचा बुडबुडा (बबल) मधे, आणि मग पाठीनं मागं ओढत राहा, बोटानं ट्रिगर मारू नका. सुटला की दचकायला झालं पाहिजे. ज्या दिवशी आपण ठरवून "आत्ता" म्हणत ट्रिगर दाबायला लागतो त्या दिवसापासून पीन मधे आली की हात झटका मारतो, आणि ही खोड एकदा लागली की चांगल्या-चांगल्यांची दोन-दोन वर्षं खाते. डोळे मिटून मारायचा सराव पण इथंच, पाच मीटरवर, शेजारी कुणीतरी उभं असताना.

मग दहा, मग अठरा, मग तीस. पुढं कधी सरकायचं? सहाच्या सहा बाण जेवणाच्या ताटलीएवढ्या जागेत बसायला लागले, आणि एकाच दिवशी नाही तर आठवडाभर बसायला लागले, तेव्हा. साईट हलवायची घाई नको, आधी तीन बाण एका जागी पडू द्या, ती जागा चुकीची असली तरी चालेल, मग साईट बाणाच्या मागं न्यायची: बाण डावीकडं पडतायत तर साईट डावीकडं, खाली पडतायत तर साईट खाली. नवखे नेमके उलटं करतात.

रोज तीस-चाळीस बाण आठवड्यातून चार-पाच दिवस, हे रविवारच्या दोनशे बाणांपेक्षा कितीतरी भारी. पीन थरथरायला लागली की बंद करा, थकलेल्या हातानं मारलेला प्रत्येक बाण चुकीचंच काहीतरी शिकवून जातो. मे महिन्यात बेचाळीसच्या उन्हात तर सकाळी साडेसातनंतर मारूच नका, घाम डोळ्यात जातो आणि रिलीज हातातून निसटतो.

आता परदेशात शिकारीला जाणाऱ्यांसाठी, किंवा फोमच्या थ्रीडी प्राण्यांवर तसाच सराव करू इच्छिणाऱ्यांसाठी. आधी तिथलं लायसन्स, टॅग (जनावरामागं मिळणारा परवाना), हंटर एज्युकेशनचा कोर्स, आणि धनुष्याचा सीझन कधी ते बघा, राज्याराज्यात वेगळं आहे. इंग्लंडमधे असाल तर धनुष्यानं शिकार कायद्यानं बंदच आहे, नाद सोडा. सराव बदलतो तो असा की तिथं दुसरा बाण मिळत नसतो. म्हणून सकाळी उठून, हात गरम न करता, एकच बाण मारायचा, तो कुठं लागला ते वहीत लिहायचं. तुमची खरी पातळी ती, तिसाव्या बाणाची नाही. हरणाच्या काळीज-फुफ्फुसाची जागा साधारण आठ इंचाच्या पत्रावळीएवढी, तेवढ्या जागेत तो पहिला बाण ज्या अंतरावरून रोज लागतो ते तुमचं अंतर, बहुतेकांचं वीस-पंचवीस यार्डच निघतं आणि त्यात लाज नाही. 270 फूट वेगाच्या बाणाला चाळीस यार्ड जायला जवळपास अर्धा सेकंद लागतो, आवाज त्याच्या चौपट वेगानं आधीच पोचलेला असतो, जनावर तेवढ्यात खाली दबतं आणि बाण पोटात किंवा पाठीत लागतो. मग ते मरत पण नाही आणि सापडत पण नाही. असला बाण मारायचा नसेल तर लांबचा मोह सोडायचा.

बसून, गुडघ्यावर, उंचावरून खाली, जाड जॅकेट घालून मारून बघा, बाही दोरीला लागते का ते तिथं जाऊन कळू नये. उंचावरून मारताना कमरेतून वाका, हात खाली करू नका. पात्याची टोकं साध्या टोकांच्या जागीच लागतीलच असं नाही, सीझनच्या महिनाभर आधी तीच लावून तपासा. रेंजफाइंडर असला तरी डोळ्यानं अंतर ओळखायचा सराव करा, तो आपल्या बांधावर फुकट होतो: बाभळीपर्यंत किती, अंदाज करा, मग पावलं मोजा.

देखभाल थोडी आहे पण टाळू नका. आपल्या उन्हात बंद गाडीत बो ठेवला तर दोरी ताणून लांबते, पीप फिरतं, बाणाचं टोक चिकटवलेला गोंद सुटतो. एकवेळ दुचाकीवरून न्या, पण डिकीत विसरू नका. दोरीला केस उभे राहिलेले दिसले की मेण लावून बोटांनी गरम होईपर्यंत घासा, कॅमवर मात्र मेण नको. कॅमच्या कडेला बारीक खरचटलंय का नखानं तपासा, तसलं एक खरचटणं आठवड्यात दोरी कापतं. दोरीचा एक जरी धागा तुटला, किंवा दोन वर्षं झाली, तर नवीन टाका आणि टाकल्यावर साईट परत लावून घ्या, जुने मार्क जुळणार नाहीत.